पहिली ठासणीची बंदूक : धाराशिवच्या माळावर ती कोणी निवडली, कशासाठी निवडली?

१.
भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शेतातल्या उभ्या पिकाचा उल्लेख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. परवाना कोणाला द्यावा हे सांगणाऱ्या तेराव्या कलमात एक वाक्य येते. त्याचा आशय असा : पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी नागरिकाने मागितल्यास त्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी. अणुयुगात लिहिलेल्या कायद्याने शेतकऱ्याच्या हाती सोळाव्या शतकाच्या घराण्यातले हत्यार का ठेवले? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर परांडा आणि नळदुर्ग या दोन किल्ल्यांच्या मधला माळ ओलांडावा लागतो.

२.
प्रथम हत्यार समजून घेऊ. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. नळीत आधी मोजलेली दारू, तिच्यावर चिंधी वा कागदाचा बोळा, त्यावर गोळी किंवा छर्रे, मग पुन्हा बोळा. आणि हे सारे लांब गजाने ठासून बसवायचे. या ठासण्यावरूनच तिचे नाव पडले. दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. सोरा जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या खारट मातीतून निघे, कोळसा हलक्या लाकडाचा असे. दोन्ही वस्तू गावाच्या आवाक्यातल्या होत्या. ज्या हत्याराचे खाद्य मुलखातच पिकते, ते हत्यार त्या मुलखात दीर्घकाळ टिकते. ठासणीच्या बंदुकीच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हेच.

३.
या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध ‘ठासणीची बंदूक’ खरे तर बंदूक नव्हेच. ती विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीसाठी मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेण्यात आली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगितले जाते. मात्र तिची रीत शेतकऱ्याच्या बंदुकीहून वेगळी नव्हती. दारू तोंडाकडून, गोळा तोंडाकडून, आणि मागच्या बाजूला एक बारीक छिद्र, ज्याला आपल्याकडे तोफेचा कान म्हणतात. कानात रंजक भरायची आणि तिला आग दाखवायची. परांड्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत. तिथे उभे राहणाऱ्याने त्यांचे कान अवश्य पाहावेत. ठासणीच्या हत्याराचे सारे शास्त्र तेवढ्या छिद्रात सामावलेले आहे.

४.
त्या तोफांच्या काळातील शिपायाने स्वतःची पहिली बंदूक कशी निवडली असती? त्याच्यासमोर मुख्यतः एकच जात होती : तोड्याची बंदूक. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, धुमसत ठेवायची. चाप ओढला की ती खाली येऊन रंजकेला टेकते आणि बार उडतो. बंदूक स्वस्त, यंत्रणा साधी, मोडली तर गावचा लोहार दुरुस्त करी. दोष तीन. पावसात तोडा विझतो, रात्री त्याचा निखारा जागा दाखवतो आणि वाऱ्यावर त्याचा वास जनावराला आधीच सावध करतो. युरोपात गारेची बंदूक रुळल्यानंतरही भारतात तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. याला मागासलेपण म्हणणे घाईचे ठरेल. गारगोटीचा चाप अधिक गुंतागुंतीचा होता, तोड्याचा कोणालाही उमजणारा.

५.
शिकारीच्या दृष्टीने खरी क्रांती गारेने केली नाही, ती टोपीने केली. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे एक धर्मोपदेशक पक्ष्यांची शिकार करीत. गारेची ठिणगी रंजकेवर पडली की आधी बाहेर भडका उडे, आणि नळीतला बार सुटेपर्यंतच्या क्षणार्धात पाखरू उडून जाई. त्यांनी आघाताने पेटणारे रसायन वापरून यावर तोड काढली आणि १८०७ मध्ये तिचे एकस्व घेतले. पुढे दोन दशकांच्या आत त्यातून तांब्याची छोटी टोपी घडली. बंदुकीच्या मागच्या बारीक बोंडीवर टोपी बसवायची. घोडा पडला की ठिणगी थेट नळीत. पाऊस, वारा आणि भडका हे तिन्ही शत्रू एकाच वेळी नमले. आपल्याकडील जुन्या घरांत जी ठासणीची बंदूक आढळते, ती बहुधा टोपीचीच असते.

६.
टोपीने मात्र एक गोष्ट हिरावून घेतली. दारू गावात करता येत होती, गोळी घरच्या साच्यात ओतता येत होती. टोपी कारखान्यातूनच यावी लागे. हत्यार सुधारले आणि त्याच क्षणी ते बाजाराचे व सरकारचे मिंधे झाले. ज्याच्या हाती टोप्यांचा पुरवठा, त्याच्या हाती बंदुकीची किल्ली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार घडते. वस्तू अधिक चांगली होते, पण तिची नाळ गावापासून तुटते. पुढे परवान्याचे राज्य आले, तेव्हा या तुटलेल्या नाळेचा अर्थ सर्वांना कळला.

७.
आता इतिहासप्रेमींच्या हमखास नजरेतून सुटणारी एक गोष्ट. १८५७ मधील ‘चरबीची काडतुसे’ ज्या एन्फिल्ड रायफलीची होती, तीही ठासणीचीच. आजच्या अर्थाचे धातूचे काडतूस तेव्हा शिपायाच्या हाती नव्हते. कागदाच्या पुडीत मोजलेली दारू आणि गोळी असे. पुडीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळीकडचा वंगण लावलेला भाग गजाने ठासायचा. ठासणी सुलभ व्हावी म्हणून वंगण आणि पुडी फाडण्यासाठी दात. प्रश्न धर्मापर्यंत पोचला तो या दोन तांत्रिक गरजांतून. बंदूक मागून भरायची असती, तर काडतूस ओठांशी न्यावेच लागले नसते.

८.
त्या काळात धाराशिवचा मुलूख थोड्या वर्षांसाठी इंग्रजी कारभाराखाली होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत हा प्रदेशही कंपनीकडे सोपवला; १८६० मध्ये तो परत मिळाला. नळदुर्ग हे ठाणे आणि तिथले अधिकारी होते फिलिप मेडोज टेलर. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठगांवरील कादंबरीचे लेखक. १८५७ च्या धामधुमीत त्यांची नेमणूक वऱ्हाडात बुलढाण्याकडे झाली. बोरी नदीवरच्या या किल्ल्यातून कारभार पाहिला जात होता, तेव्हा शिकारी साहेबांच्या जगात एका वादाला तोंड फुटत होते. तो वाद होता नेमका पहिल्या बंदुकीच्या निवडीचा.

९.
वाद असा. गुळगुळीत नळीची बंदूक चटकन भरता येते, तिच्यातून छर्रेही उडतात आणि गोळीही. पण गोळीचा भरवसा पन्नास-साठ पावलांपलीकडे धरता येत नाही. नळीला आतून पेचदार आटे पाडले की ती रायफल होते. गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम दूरवर टिकतो. पण तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी आट्यांतून ठासत न्यायला वेळ लागतो. शिवाय आटे किती तीव्र असावेत? लांबट गोळीला जलद फेरा हवा. एन्फिल्डच्या नळीत ७८ इंचांत एक फेरा पडे. वाटोळ्या गोळीला संथ फेरा पुरतो. जलद आट्यांत जास्त दारू घालून वाटोळी गोळी मारली, तर ती आटे सोडून घसरत निघते आणि नेम बिघडतो.

१०.
या वादात निमाडमध्ये अधिकारी असलेल्या जेम्स फोर्सिथ यांचा शब्द वजनाचा ठरला. टोपीवाल्या फोर्सिथांशी त्यांचे आडनाव जुळते, एवढाच योगायोग. सातपुड्याच्या रानांत हिंडलेल्या या शिकाऱ्याने १८६० च्या दशकात शिकारी रायफलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचा कौल स्पष्ट होता. मोठ्या जनावरासाठी मोठ्या तोंडाची नळी, वाटोळी गोळी, भरपूर दारू आणि अतिशय संथ आटे. इतके संथ की एका फेऱ्याला आठ फुटांहून अधिक नळी लागावी. असा वेगवान बार जवळच्या पल्ल्यात जवळजवळ सरळ रेषेत जातो, म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी जनावर जखमी होऊन पळत नाही, जागीच पडते. त्यांच्या गणिताच्या मुळाशी हा विचार होता. निवड बंदुकीची वाटते. खरे तर ती जनावराच्या वेदनेविषयीची जबाबदारी असते.

११.
इथे ‘बोअर’ या मोजमापाचा उलगडा करून घ्यावा. बारा बोअर म्हणजे ज्या नळीत मावणाऱ्या वाटोळ्या गोळ्या एका पौंड शिशातून बरोबर १२ होतात ती नळी. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, म्हणून एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद आणि गोळी जड. आज कारखान्यात बनलेल्या काडतुसाच्या बंदुकीवरही ‘१२ बोअर’ लिहिलेले असते. म्हणजे घरी शिसे ओतून गोळ्या मोजणाऱ्या ठासणीच्या माणसाचा हिशोब अजून चालू आहे. भाषेप्रमाणे मापेही आपल्या पूर्वजांना सहसा विसरत नाहीत.

१२.
साहेबांची निवड अशी ग्रंथांतून होत होती. माळावरच्या शेतकऱ्याची निवड कशी होत असेल? बालाघाटाच्या पठारावर पाऊस बेताचा, जमीन ज्वारीची. कणसे भरली की पाखरांसाठी माळा आणि गोफण पुरे. रात्री मात्र रानडुकरांचा कळप उतरतो, पहाटे काळविटांची झुंड हरभऱ्यात शिरते, आणि गोफणीचा हात थिटा पडतो. अशा माणसाला रायफल नको होती. छर्ऱ्यांनाही चालेल आणि गोळीलाही चालेल अशी गुळगुळीत नळी, खांद्याला सोसेल असा दस्ता, घट्ट घोडा आणि वाकलेला नसलेला गज. एवढे पाहिले की त्याची पारख संपली. कित्येक रात्री तर नुसता दारूचा बार पुरेसा ठरे. आवाजानेच राखण होत असे.

१३.
पारखणारा डोळा मात्र साहेबाइतकाच चोखंदळ असावा लागे, कारण वाईट ठासणीची बंदूक धन्याचाच हात नेते. नळी आतून गंजली आहे का, मागच्या पेचाजवळ चीर आहे का, बोंडी सैल आहे का, आणि अर्ध्या चढवलेल्या घोड्यावर चाप ओढला तर तो निसटतो का. हे चार प्रश्न जीवनमरणाचे. गोळी दारूवर नीट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. एकावर एक दोन बार चुकून भरले जाऊ नयेत म्हणून गजावर खूण करीत. काळ्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते, म्हणून काम झाले की नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवावी लागे. आळशी माणसाचे हे हत्यार नव्हते.

१४.
१८७८ च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याविना हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. शेजारचे सोलापूर या कायद्याखाली आले. धाराशिव निजामाच्या राज्यात होते. इकडे पश्चिमेत मागून भरायच्या बंदुकांनी ठासणीला मागे टाकले होते. नवे हत्यार सत्तेकडे गेले, जुने प्रजेकडे उरले. संथ, एकबारी आणि धुराने आपली जागा सांगणारी बंदूक राज्यकर्त्यांना फारशी भीतिदायक वाटत नाही. १९५९ च्या कायद्यातील त्या वाक्याचे मूळ या हिशोबात शोधता येते : डुकराला पुरेल, पण राज्याला पुरून उरणार नाही, असे हत्यार.

१५.
हा हिशोब किती अपुरा असू शकतो, हे याच जिल्ह्याने १९४८ मध्ये पाहिले. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याच्या सशस्त्र टोळ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याकडे आधुनिक बंदुका होत्या; उरलेल्यांकडे मुख्यतः ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. आधुनिक सेनेपुढे या हत्यारांना किंमत नव्हती. निःशस्त्र गावापुढे मात्र होती. ज्या बाराने ज्वारी राखली जाते, त्याच बाराने वेशीचा दरवाजाही उघडवता येतो. नळीला दोन्ही कामे सारखीच. फरक चापामागच्या बोटाचा आणि समोर कोण उभे आहे याचा.

१६.
१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापुराकडून निघालेल्या भारतीय सेनेची पहिली महत्त्वाची चकमक नळदुर्गला झाली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. त्याच दिवशी नळदुर्गजवळ हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले; पुढे अशोकचक्राचे ते पहिले मानकरी ठरले. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि मराठवाडा मुक्त झाला. १५४९ च्या तोफेपासून १९४८ च्या सेनेपर्यंत ठासणीच्या हत्यारांचा चारशे वर्षांचा लष्करी प्रवास या मातीत असा संपला. उरली ती फक्त शेतातली बंदूक.

१७.
तिचाही काळ फिरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार कायद्याबाहेर ढकलली. काळवीट आज पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास किमान ३ वर्षांचा कारावास होतो. पिकाची नासाडी करणाऱ्या इतर प्राण्याविरुद्धही अधिकृत लेखी परवानगीखेरीज बंदूक उचलता येत नाही. हे कडक वाटले, तर शेजारच्या नान्नजकडे पाहावे. माळढोकासाठी १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झाले; शिकार आणि माळरानांचा ऱ्हास यांनी त्या पक्ष्याला आज नामशेष होण्याच्या काठावर आणून ठेवले आहे. उलट डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्याने एक वाघ टिपला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो आला होता. एका माळाने पाहुणा गमावला, दुसऱ्या रानाला पाहुणा मिळाला. शेतकऱ्याचे नुकसान मात्र दोन्ही प्रसंगी खरेच असते, हेही विसरता कामा नये. बंदूक गेली म्हणून डुकरे गेली नाहीत. नुकसानभरपाईचा अर्ज ही गोफण आणि ठासणी यांच्या जागी आलेली नवी, आणि पुष्कळदा तितकीच संथ, पद्धत आहे.

१८.
मग आजच्या तरुण इतिहासप्रेमीने पहिली ठासणीची बंदूक कशी निवडावी? शिकारीसाठी नव्हेच. अभ्यासासाठी निवडावी, आणि तीही संग्रहालयाच्या काचेमागची. माळ्यावर आजोबांच्या काळातील एखादी सापडली, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, जुनी आहे एवढ्याने ती कायद्यातून सुटत नाही. दुरुस्त करूनही जी उडूच शकत नाही अशाच जुनाट हत्याराला सूट आहे, बाकीच्यांना परवाना लागतो. दोन, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिची विक्री परस्पर करू नये. तीन, तिला घासूपुसू नये. गंजाखाली कारागिराची खूण असू शकते.

१९.
आणि सर्वांत आधीची गोष्ट. जुन्या ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला असू शकतो. राखणीसाठी रात्री भरलेली, सकाळी कोपऱ्यात टेकवलेली, मग धनी गेला, घर बदलले, आणि नळीतला बार तसाच राहिला. अशा बंदुका जगभरातील संग्रहांत सापडल्या आहेत. कोरडी राहिलेली काळी दारू दशकानुदशके जिवंत राहते. म्हणून जाणकार तिच्या तोंडासमोर कधीही उभा राहत नाही. तो बाजूला राहून नळीत लाकडी काठी हलकेच सोडतो, ती किती आत गेली याची खूण करतो आणि नळीच्या बाहेरच्या लांबीशी ताडून पाहतो. काठी कानापर्यंत पोचली नाही, तर आत काहीतरी आहे. मग हात मागे घ्यायचा आणि पोलिसांना कळवायचे.

२०.
परांड्याच्या तोफेपासून माळ्यावरच्या बंदुकीपर्यंतचा हा प्रवास एवढेच सांगतो : हत्यार निवडणाऱ्याने नळी, आटे, टोपी आणि दस्ता यांचा विचार केला, पण इतिहासाने प्रत्येक वेळी त्याला विचारले ते वेगळेच. समोर कोण आहे? शत्रू, काळवीट, निःशस्त्र गाव की रिकामी रात्र? या प्रश्नाचे उत्तर ज्या पिढीने नीट दिले, तिच्या बंदुकीने पीक राखले. ज्यांनी ते दिले नाही, त्यांच्या बंदुका आज पुराव्यादाखल उरल्या आहेत. दोन्ही पाहण्यासारख्या आहेत. पाहताना मात्र काठी नळीत आधी सोडावी.